छोटा ट्रॅक्टर : पेडलचा की गिअरचा?



लागणीच्या नोंदीसाठी गटागटांतून फिरताना हल्ली उसाच्या जातीपेक्षा ट्रॅक्टरचीच चौकशी जास्त होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ज्याच्या दारात कधी औत उभे नव्हते तोही छोट्या ट्रॅक्टरचे कोटेशन खिशात घेऊन हिंडू लागला. वाईट काहीच नाही. मजूर मिळत नाहीत, बैल परवडत नाहीत, आणि सरीत माणूस घालून बांधणी करायचे दिवस सरले. पण कोटेशनवर किंमत असते, अश्वशक्ती असते, रंगीत चित्र असते. उसात उपयोगी पडणारी गोष्ट मात्र त्यावर क्वचितच असते. म्हणून हा लेखप्रपंच.

निमित्त झाले ते एका गटाच्या बैठकीचे. एका तरुण सभासदाने मोबाईल माझ्यापुढे धरला. अमेरिकेतला एक म्हातारा शेतकरी छोट्या ट्रॅक्टरवर बसून गवत कापत होता. क्लच नाही, गिअर नाही. पेडल पुढे दाबले की ट्रॅक्टर पुढे, मागे दाबले की मागे. पोरगा म्हणाला, "साहेब, असला ट्रॅक्टर मिळणार असेल तर मी वर्षभर थांबतो. गिअरचा घेऊन पाय कशाला मोडून घ्यायचे?" शेजारी बसलेले आबा लगेच कडाडले, "अरं, ती खेळणी हायत पोरांची. ज्याला गिअर न्हाय त्यो ट्रॅक्टर कसला?" मग दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मला पुढच्या गावी जायचे होते. "अंकात लिहितो" असे सांगून मी त्या दिवशी सुटलो. तो शब्द आज पुरा करतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या ऊस उत्पादकाने आज छोटा ट्रॅक्टर घ्यायचा तर गिअरचाच घ्यावा, त्यासाठी वर्षभर थांबू नये. पण हे आबांच्या कारणासाठी नव्हे. पेडलचा ट्रॅक्टर खेळणे मुळीच नाही. आणि गिअरचा म्हणजे शोरूममध्ये उभा असलेला कोणताही गिअरचा, असेही नव्हे. त्या फरकापायी एका सभासदाचे नुकसान माझ्या हातून झाले आहे, ते पुढे सांगतोच.

पेडलच्या ट्रॅक्टरात असते काय?

पेडलच्या ट्रॅक्टरचे खरे नाव हायड्रोस्टॅटिक. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. गिअरच्या ट्रॅक्टरात इंजिनाची ताकद दात्यांवरून दात्यांवर जात चाकापर्यंत पोचते. हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन एक पंप फिरवते, पंप ऑईल ढकलतो, ते ऑईल दुसऱ्या बाजूला असलेल्या मोटरला फिरवते आणि मोटर चाकांना फिरवते. पंप नदीवर आणि चक्की वस्तीवर, मधे पाईप आणि पाण्याच्या जोरावर चक्की फिरते अशी कल्पना करा. फक्त इथे ऑईल बाहेर सांडत नाही, तेच पुन्हा पंपाकडे येते.

सगळी गंमत आहे ती पंपाच्या आतल्या कलत्या तबकडीत. तबकडी सरळ असेल तर पंपातले दट्टे हलतच नाहीत, ऑईल जात नाही, ट्रॅक्टर जागेवर उभा. पेडल थोडे दाबले की तबकडी थोडी कलते, थोडे ऑईल जाते, ट्रॅक्टर मुंगीच्या चालीने निघतो. जास्त दाबले की जास्त कलते. उलट दाबले की तबकडी उलट कलते, ऑईल उलट्या दिशेने वाहते आणि ट्रॅक्टर मागे येतो. इंजिनाचे फेरे मात्र तेच राहतात. पहिला, दुसरा, तिसरा असा प्रकार नाही. ताशी अर्धा किलोमीटर हवा तर अर्धा, सव्वादोन हवा तर सव्वादोन. शिवाय बहुतेकांना लो आणि हाय असा एक साधा दांडा असतोच.

ही विद्या आजची नाही. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ साली ६५६ या मॉडेलमध्ये हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर बाजारात आणला होता. पण नांगरटीच्या मोठ्या ट्रॅक्टरांत गिअरच टिकले. हायड्रोस्टॅटिकने घर केले ते दुसरीकडे : गवत कापणारे छोटे ट्रॅक्टर, पुढे बकेट लावून माती-खत उचलणारे, आणि कापणीची यंत्रे.

आणि आबांना म्हणावे, ही विद्या तुमच्या बांधावरही येऊन गेली. आपल्या भागात तोडणीला येणारे ऊसतोडणी यंत्र ऑईलच्या जोरावरच चालते. त्याचा चालक गिअर बदलत बसलेला कधी पाहिलात का? ऊस दाट लागला की तो चाल कमी करतो, विरळ लागला की वाढवतो, पण आतली पाती पूर्ण वेगाने फिरतच राहतात. जिथे अवजार पूर्ण वेगाने फिरत ठेवून चाल मात्र सारखी बदलावी लागते, तिथे हायड्रोस्टॅटिकला तोड नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढचा सगळा विचार त्यावरच आहे.

आपल्या उसातले काम कोणते?

छोटा ट्रॅक्टर आपण घेतो तो नांगरटीसाठी नव्हे. नांगरटीला भाड्याचा मोठा ट्रॅक्टर येतो आणि जातो. छोटा हवा तो सरीत चालवायला : तण मारायला, बगला फोडायला, खत मातीआड करायला, बाळबांधणीला आणि मोठ्या बांधणीला. साडेचार फुटी सरी असेल तर एका एकरात किती फूट सरी होते याचा हिशेब करा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला साडेचारने भागा. ९,६८० फूट सरी, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर. ताशी २ किलोमीटरच्या चालीने नुसती सरी संपवायला दीड तास लागतो. ही झाली सरळ चाल. यात हायड्रोस्टॅटिक आणि गिअर यांत फारसा फरक नाही. एकदा चाल बसली की बसली.

फरक पडतो सरीच्या टोकाला. सरी ३०० फूट लांब असेल तर एकरात ३२ वेळा वळावे लागते. १५० फूट असेल तर ६४ वेळा. बांधाला खेटून ऊस लावलेला असेल तर एका दमात वळता येत नाही, एकदा तरी मागे घ्यावे लागते. म्हणजे वळणामागे किमान दोनदा क्लच, एकदा रिव्हर्सला आणि एकदा पुन्हा पुढच्या गिअरला. १५० फुटी सरीत एकरामागे सव्वाशेच्या वर वेळा पाय क्लचवर. हंगामात चार वेळा सरीत जायचे तर पाचशेच्या वर. दोन-तीन एकरांचा धनी असेल तर गुडघा त्याचा बोलतो आणि क्लचप्लेट ट्रॅक्टरची बोलते. त्या तरुण सभासदाचे म्हणणे इथे शंभर टक्के खरे आहे. पेडलच्या ट्रॅक्टरला हा त्रास नाही.

पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूने वाचा. सरी १५० फुटांऐवजी ३०० फुटांची केली की क्लचचे निम्मे काम आपोआप गेले. टोकाला दहा फूट मोकळे सोडले आणि सऱ्या लागोपाठ न घेता दोन-तीन सोडून घेतल्या, तर बहुतेक वळणांत मागे घ्यावेच लागत नाही. मोकळ्या जागेचे मोल आहे, ते मी लपवत नाही. ३०० फुटी सरीत दोन्ही टोकांना दहा-दहा फूट म्हणजे जवळपास ७ टक्के जमीन. १५० फुटी सरीत तीच जागा १३ टक्क्यांवर जाते. म्हणून आखूड सरीच्या माणसाला ती परवडत नाही. एका टोकाला वाट असेल तर ती वाटच वळायला वापरावी म्हणजे निम्मे वाचले. ठिबक असेल तर लांब सरीला अडचण नाही. पाटपाणी असेल तर उतार आणि जमिनीची जात पाहून लांबी ठरवावी, नाहीतर वरच्या टोकाला चिखल आणि खालच्या टोकाला कोरडे असे व्हायचे. तरीपण सांगतो, नीट आखलेली सरी हा सर्वांत स्वस्त गिअरबॉक्स आहे. तो शोरूममध्ये मिळत नाही, लागणीच्या आधी दोरी लावून मिळतो.

माझी चूक

आता माझ्या चुकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका सभासदाने जुना छोटा ट्रॅक्टर घेण्याआधी मला दाखवला. मी इंजिनाचा आवाज ऐकला, टेप लावून रुंदी मोजली, साडेचार फुटी सरीत बसतो म्हणालो आणि "घ्या" असे सांगून मोकळा झालो. आधीच्या मालकाने मागची चाके बदलून मोठी बसवली होती, ते मी पाहिले पण त्याचा अर्थ ध्यानात घेतला नाही. चाक मोठे झाले की त्याच गिअरमध्ये चाल वाढते.

बाळबांधणीला ट्रॅक्टर सरीत उतरला. रोटाव्हेटर पूर्ण फेऱ्यांवर ठेवला तर अगदी खालच्या गिअरलाही तो शंभर फूट पस्तीस-छत्तीस सेकंदांत कापू लागला, म्हणजे ताशी ३ किलोमीटर. कोवळ्या फुटव्यांवर माती उडायची, कुठे चाक वरंब्यावर चढायचे. म्हणून त्याने इंजिन हळू केले. इंजिन हळू झाले तसा रोटाव्हेटरही हळू झाला, ढेकळे तशीच राहिली. मग त्याने सगळे करतात तेच केले : अर्धा क्लच दाबून चालवला. एका हंगामात क्लचप्लेट गेली, तिच्याबरोबर बेअरिंग गेले. खर्च गेला ऊसबिलातून. तो सभासद मला एका शब्दाने बोलला नाही, पण मला तो खर्च अजून आठवतो. मी अश्वशक्ती पाहिली, रुंदी पाहिली, चाल पाहिली नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या जागी पेडलचा ट्रॅक्टर असता तर हे घडलेच नसते. फेरे पूर्ण आणि चाल कमी, हे तर त्याचे मूळ काम. पण योग्य खालचा गिअर असलेला ट्रॅक्टर असता तरी घडले नसते. दोष गिअर असण्याचा नव्हता, नेमका गिअर नसण्याचा होता.

मग पेडलचा का नको?

चार कारणे सांगतो.

पहिले कारण ताकदीचे. दात्यांवरून जाणाऱ्या ताकदीतली शंभरातली नव्वदच्या आसपास चाकापर्यंत पोचते. ऑईलमधून जाताना सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान पोचते, बाकीची उष्णता होऊन ऑईल तापवते. रोटाव्हेटरचे यात फार बिघडत नाही, कारण पीटीओ इंजिनाकडून थेट फिरतो. नुकसान होते ते ओढीचे. ऐंशी-शंभर अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हा तोटा जाणवत नसेल, पण अठरा-वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरातली दोन-तीन अश्वशक्ती गेली तर मोठ्या बांधणीच्या वेळी, जड काळ्या रानात, ती लगेच कळते. डिझेलही त्याच हिशेबाने जाते. आणि आपल्याकडे छोटा ट्रॅक्टर हंगामात नुसता दारात उभा राहत नाही, ट्रॅक्टरगाडीला जुंपून ऊस ओढतो. तासन् तास भरलेली गाडी ओढणे हे ऑईलचे काम नव्हे, ते दात्यांचे काम आहे.

दुसरे कारण स्वच्छतेचे. या पंपाच्या आत दट्टे आणि तबकडी यांच्यामध्ये केसाएवढीही फट नसते. ऑईलमध्ये बारीक कचरा किंवा पाणी गेले की ओरखडे पडतात, आणि ओरखडे पडले की दाब धरत नाही. कंपनी सांगेल तेच ऑईल, सांगेल त्याच तासांना फिल्टर, अनेक मॉडेलांत पहिला बदल पन्नास तासांनाच. आपल्याकडे काय चालते? ड्रम उघडा, मग चिखलाचा, फडके दिसेल ते. शिवाय ऑईल थंड करणाऱ्या जाळीत पाचटाची धूळ भरली की ऑईल आणखी तापणार. गिअरबॉक्स आपली ही आळशी सवय बरीच सोसतो. हायड्रोस्टॅटिक सोसत नाही. दोष यंत्राचा नाही, पण ट्रॅक्टर आपल्या घरी नांदायचा आहे, अमेरिकेतल्या म्हाताऱ्याच्या घरी नव्हे.

तिसरे कारण दुरुस्तीचे, आणि माझ्या मते हेच सर्वांत मोठे. क्लचप्लेट गेली तर तालुक्याच्या गावचा मिस्त्री दोन दिवसांत ट्रॅक्टर उघडून बसवून देतो. गिअरचा दाता तुटला तरी सुटा भाग मिळतो. हायड्रोस्टॅटिकचा पंप बिघडला तर बहुधा अख्खा सांगाडाच बदलावा लागतो. आपल्या भागात दुकानांतून दिसणारे छोटे ट्रॅक्टर जवळजवळ सगळे गिअरचे आहेत, तेव्हा पेडलचा भाग आणि तो बसवणारा हात शोधेपर्यंत किती दिवस जातील ते ज्याचे त्याने ठरवावे. आणि ऊस कुणासाठी थांबत नाही. मोठी बांधणी साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात करायची. त्यात पंधरा-वीस दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की कांड्या वर निघाल्या, पाने एकमेकांत गुंतली आणि सरीत शिरायची वाट बंद झाली. बांधणी हुकली की वाऱ्या-पावसात ऊस लोळतो. लोळलेल्या उसाला उंदीर आणि कोंब फुटणे आलेच, आणि तोडणीची टोळीही तोंड वाकडे करते. दुरुस्तीचा खर्च एक वेळ परवडतो, हुकलेली बांधणी परवडत नाही.

चौथे कारण लहान आहे पण रोजचे आहे. पेडलच्या ट्रॅक्टरला धक्का मारून चालू करता येत नाही, कारण चाकाचा जोर ऑईलमधून उलटा इंजिनापर्यंत पोचत नाही. बॅटरी बसली की काम बसले. तसेच इंजिन बंद करून नुसता सोडून दिला तर उतारावर तो हळूहळू सरकू शकतो. गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड ठेवायची आपली सवय तिथे अर्धीच उपयोगी पडते, हँडब्रेक लावावाच लागतो. आणखी एक. भार वाढला की आपण सवयीने पाय जास्त दाबतो. पेडलच्या ट्रॅक्टरात तसे केले तर इंजिन दमून बंद पडते, तिथे उलट पाय सोडावा लागतो. नवा माणूस पहिल्या आठवड्यात इथेच चुकतो.

पेडलची खरी बाजू

एवढे लिहून मी लेख संपवला असता. पण एका शेतकरी ताईंनी मला अडवले. त्या स्वतः ट्रॅक्टर चालवतात, उसाची सगळी मशागत त्याच पाहतात. गिअरची बाजू मी मांडत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तुमच्या हिशेबात पाय पुरुषाचा आहे. क्लच पुरा दाबायला मला सीटवरून अर्धे उठावे लागते. टोकाला मागे घेताना उठले की स्टेअरिंगवरचा हात सैल होतो. मागे पाट आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरेच आहे. ट्रॅक्टरच्या अपघातांत मागे घेतानाचे आणि उतारावरचे प्रसंग मी जास्त पाहिले. क्लच अर्धाच दाबला गेला, गिअर पडला नाही, न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर पाटाकडे घरंगळला, असे होते. पेडलवरून पाय उचलला की हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर आपोआप मंदावून थांबतो. ज्या ताईंचा पाय पुरत नाही, ज्या आबांचे गुडघे गेले, ज्याला दिवसभर बकेटने खत भरायचे आहे, ज्याची रोपवाटिका किंवा फळबाग आहे आणि दर मिनिटाला पुढे-मागे करायचे आहे, त्याला पेडलचा ट्रॅक्टर चैन नव्हे. त्याने ताकदीचा आणि डिझेलचा तोटा सोसूनही तो घ्यावा असे मी म्हणेन, फक्त दुरुस्तीची लेखी हमी हातात असली पाहिजे.

तोवर ताईंना मी सांगितले ते सगळ्यांना सांगतो. ट्रॅक्टर घ्यायला चालवणारा माणूस बरोबर न्या. घरी चालवणार सून आणि शोरूममध्ये बसून पाहणार सासरा, असे करू नका. सीट पुढे सरकते का, क्लच हलका आहे का, पूर्ण दाबूनही पाठ टेकलेली राहते का, हे तिनेच बसून पाहावे.

घेताना काय पाहावे?

१. चालीचा तक्ता मागा. पीटीओचे फेरे ५४० असताना प्रत्येक गिअरमध्ये ताशी किती किलोमीटर चाल पडते, ते विचारा. उसाच्या सरीसाठी ताशी २ किलोमीटरच्या खाली निदान एक गिअर आणि २ ते ४ च्या दरम्यान निदान दोन गिअर हवेत. नुसते "सहा पुढे, तीन मागे" किंवा "आठ पुढे, चार मागे" ऐकून खूष होऊ नका. आठही गिअर रस्त्यावर धावायचे असतील तर उसाला काय उपयोग?

२. तक्त्यावर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा. रानात शंभर फूट मोजून दोन खुंट्या ठोका. रोटाव्हेटर फिरत ठेवून सगळ्यांत खालच्या गिअरने जा. ७३ सेकंद लागले तर चाल ताशी दीड किलोमीटर, ५५ लागले तर दोन, ३७ लागले तर तीन. क्लचला पाय न लावता ५५ किंवा जास्त सेकंद लागले पाहिजेत. ही परीक्षा मी त्या वेळी घेतली असती तर आज चूक कबूल करावी लागली नसती.

३. पुढे-मागे करण्याचा दांडा वेगळा आहे का पाहा. फॉरवर्ड-रिव्हर्स शटल म्हणतात तो. एकाच दांड्याने पुढचा गिअर मागचा होतो, गिअर शोधत बसावे लागत नाही. सिंक्रोमेश असेल तर उत्तम. पेडलचे निम्मे सुख यातच मिळते.

४. पीटीओचा क्लच वेगळा आहे का पाहा. ट्रॅक्टर थांबला तरी रोटाव्हेटर फिरता राहिला पाहिजे, आणि रोटाव्हेटर थांबवायला ट्रॅक्टर थांबवावा लागू नये.

५. जुना घेणार असाल तर मागच्या चाकाचे माप मूळ मापाशी ताडून पाहा. कारण वर सांगितलेच आहे.

६. रुंदी अवजारासकट मोजा. ट्रॅक्टर तीन फूट आणि रोटाव्हेटर चार फूट, अशी जोडी साडेचार फुटी सरीत ऊस कापत जाते.

७. आणि शेवटचे : वर्षाला किती तास चालेल ते लिहून काढा. दोन एकर उसात चार वेळा जायचे तर वळणांसकट पंधरा-सोळा तासांचे काम आहे. तेवढ्यासाठी कर्ज काढू नये. दोन-तीन भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घ्यावा, नाहीतर भाड्याने करून घ्यावे. हप्ता ऊसबिलातूनच जाणार आहे हे विसरू नये.

कारखान्याने काय करावे?

कर्जासाठी बँक, सभासद आणि कारखाना असा त्रिपक्षीय करार होतो तेव्हा आम्ही उसाची नोंद पाहतो, थकबाकी पाहतो. ट्रॅक्टर सरीत चालतो की नाही हे कुणी पाहत नाही. माझी संचालक मंडळाला नम्र विनंती आहे की, छोट्या ट्रॅक्टरच्या करारपत्राला चालीचा तक्ता जोडणे सक्तीचे करावे, आणि पुढच्या ऊस मेळाव्यात विक्रेत्यांना मांडवात नव्हे तर शंभर फुटांच्या सरीत उभे करावे. घड्याळ मी आणतो.

दुसरी विनंती. उद्या पेडलचा ट्रॅक्टर आपल्या भागात विकायला आला तर पहिला प्रयोग कर्जबाजारी सभासदाच्या पैशावर होऊ नये. एखाद्या अवजार बँकेने किंवा कारखान्याच्या बेणेमळ्याने एक घ्यावा, एक हंगाम चालवावा, चालवणाऱ्यांत त्या ताईंसारख्या दोघी-तिघी असाव्यात. किती तास चालला, किती डिझेल गेले, किती दिवस बंद राहिला, दुरुस्तीला किती लागले, हे सगळे वहीत लिहावे आणि याच अंकात छापावे. वही पेडलच्या बाजूने बोलली तर मी माझे आजचे मत मागे घेईन. त्यात कमीपणा नाही.

त्या तरुण सभासदाला एवढेच सांगतो : बाबा रे, वर्षभर थांबू नकोस. बाळबांधणी थांबत नाही. गिअरचाच घे, पण आधी खुंट्या ठोकून घड्याळ लाव, आणि यंदाची सरी लांब पाड. आणि आबा, तुम्हीही एकदा तोडणी यंत्राच्या चालकाशेजारी उभे राहून पाहा. खेळणे कोणते आणि यंत्र कोणते हे कामावरून ठरते, दांडा आहे की पेडल आहे यावरून नव्हे.

कोणाला चालीचा तक्ता वाचून घ्यायचा असेल तर गट कार्यालयात कोटेशन घेऊन यावे. सही करण्याआधी यावे, नंतर नव्हे.

आपला,
ऊस विकास अधिकारी